दुखणं थांबलं म्हणजे संधिवात थांबला का?

"डॉक्टर, गुडघ्यातलं ग्रीस संपलंय." "गॅप कमी झालीय म्हणे." "हाडं झिजलीत, आता वय झालं." सांधेदुखीचा पेशंट दवाखान्यात येतो तो बहुतेक वेळा निदान सोबत घेऊनच येतो. हे शब्द काही लोकांनी शोधून काढलेले नाहीत. आम्हा डॉक्टरांनीच ते वाटले, कारण समजावून सांगायला सोपे पडतात. सांधा म्हणजे बिजागरी, कूर्चा म्हणजे टायरचं रबर, वापरलं की झिजतं. हे चित्र डोक्यात एवढं पक्कं बसलंय की त्याचे दोन परिणाम मी रोज पाहतो. गुडघा दुखणारा माणूस चालणं सोडतो, कारण चाललं तर आणखी झिजेल. आणि बोटांचे सांधे सुजलेली बाई दुखण्यावरची गोळी गिळून कामाला लागते, कारण झीज ती झीजच, तिला औषध थोडंच असतं?

दुसऱ्या प्रकारात होणारं नुकसान मोठं असतं आणि ते भरून येत नाही, म्हणून आज मुख्यतः त्याबद्दल लिहितो. गुडघ्याकडे शेवटी वळू.

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. चाळिशीच्या आतल्या, घरी पोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या. तक्रार सांध्यांची नव्हतीच, ॲसिडिटीची होती. काय काय औषधं घेता, असं विचारल्यावर पिशवीतून दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी निघाली. आठ महिने रोज दोन, केमिस्टकडून थेट. मी त्यांना दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगितले. मनगटं आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे फुगलेले होते. दाबून पाहिलं तर हाडासारखे टणक लागत नव्हते, मळलेल्या कणकेसारखे मऊ लागत होते. सकाळी उठल्यावर मूठ वळायला तास-दीड तास लागतो, हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आल्या, सीआरपी वाढलेला होता आणि एक्स-रेमध्ये दोन सांध्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. निदान स्पष्ट होतं, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात. मी औषधाचं नाव लिहिलं, रक्ततपासण्या दर काही आठवड्यांनी कराव्या लागतील असं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "गोळी घेतली की दुखतच नाही हो, मग एवढं मोठं औषध कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. तुम्हीही हाच विचारला असता. त्याचं उत्तर द्यायचं तर सांध्याच्या आत जावं लागतं.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा थर असतो. शहाळ्यातल्या कोवळ्या खोबऱ्यासारखा पांढरा, गुळगुळीत, काही मिलिमीटर जाडीचा. त्याच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग नुसतं पाणी असतं. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. मज्जातंतू नसतात याचा अर्थ कूर्चेला दुखत नाही. सांधा दुखतो तेव्हा दुखतं ते भोवतीचं अस्तर, बंधनं, खालचं हाड. कूर्चा स्वतः नाहीशी होत असली तरी ती तक्रार करू शकत नाही, हे लक्षात ठेवा.

या थरात पेशी फार थोड्या, एकूण जागेच्या एक ते पाच टक्के. बाकी सगळं या पेशींनी बांधलेलं बांधकाम. कोलॅजनच्या धाग्यांची घट्ट विणलेली जाळी आणि त्या जाळीत अडकवलेले ॲग्रेकन नावाचे पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. साबुदाणा भिजल्यावर फुगतो तसे हे रेणू पाणी ओढून फुगतात, जाळी त्यांना आवरून धरते आणि या ओढाताणीतून कूर्चेला तिचा लवचीक ताठपणा येतो. पेशी हे बांधकाम करतात, त्याची डागडुजी करतात, जुनं झालेलं थोडंथोडं कापून काढतात. कापायची हत्यारंही त्यांच्याकडेच असतात.

आता एक जुना प्रयोग सांगतो. मला तो फार आवडतो आणि विद्यार्थ्यांना मी तो नेहमी सांगत आलो आहे. केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत ऑनर फेल नावाच्या शास्त्रज्ञ बाई होत्या. संचालकपदावरून त्या १९७० साली निवृत्त झाल्या, पण काम सोडलं नाही. १९७७ साली, वयाच्या सत्तरीच्या उत्तरार्धात, जुब या सहकाऱ्याबरोबर त्यांनी डुकराच्या सांध्यातली कूर्चा आणि सांध्याचं अस्तर काचेच्या बशीत पोषक द्रवात वाढवून पाहिलं. अस्तर कूर्चेला चिकटून ठेवलं तर कूर्चा विरघळत गेली. यात नवल नाही, अस्तरातून पाचक द्रव्यं झिरपत असणार. मग त्यांनी दोन्ही तुकडे एकमेकांपासून लांब ठेवले. जिवंत कूर्चा तरीही विरघळली. पण जी कूर्चा आधी मारून घेतली होती, तिला काहीच झालं नाही.

क्षणभर थांबून याचा अर्थ लावा. अस्तर लांबून कूर्चेला खात नव्हतं, नाहीतर मेलेली कूर्चाही खाल्ली गेली असती. अस्तर काहीतरी निरोप धाडत होतं आणि तो निरोप ऐकून कूर्चेतल्या जिवंत पेशी आपलंच बांधकाम पाडत होत्या. म्हणजे ही टायरची झीज नव्हे. टायर कुणाचं ऐकत नाही.

त्या निरोप्याला त्या प्रयोगशाळेने कॅटाबोलिन असं नाव दिलं. पुढे १९८०च्या दशकात कळलं की ताप आणणारा, पांढऱ्या पेशींना चेतवणारा म्हणून इतरांना आधीच माहीत असलेला इंटरल्यूकिन-१ हा तोच. टीएनएफ नावाचा दुसरा रेणूही कूर्चेला असाच आदेश देतो, हे १९८६ साली त्याच गटातल्या जेरेमी साक्लातवाला यांनी दाखवलं. या सगळ्या निरोप्यांचं कुळनाव सायटोकाईन. हा शब्द तुम्हाला नवा नाही. कोविडमध्ये 'सायटोकाईन स्टॉर्म' घराघरांत पोचला होता आणि २०२१ साली टोसिलिझुमॅबच्या एका इंजेक्शनसाठी नातेवाईक शहरभर धावत होते. ते औषध मुळात संधिवाताचंच. इंटरल्यूकिन-६ हा या कुळातला तिसरा महत्त्वाचा रेणू, त्याचा निरोप पेशीपर्यंत पोचू न देणं हे त्याचं काम. ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या संशोधनातून ते आलं.

एरवी हे निरोपे आपल्या भल्याचेच असतात. जखम झाली, जंतू शिरला की हेच धावपळ करतात आणि काम झालं की गप्प बसतात. आमवातात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच घटकांना परकं समजू लागते. सांध्याचं अस्तर सुजून जाड होतं, त्यात पांढऱ्या पेशी मुक्काम ठोकतात आणि निरोप थांबतच नाहीत. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ कूर्चेतल्या पेशीला सांगतात, नवं बांधू नकोस, हत्यारं बाहेर काढ. पेशी मुकाट ऐकते. आधी ॲग्रेकन कापलं जातं आणि कूर्चा पाणी सोडून मऊ पडते. इथवर निरोप थांबवता आले तर पेशी ॲग्रेकन पुन्हा भरून काढू शकतात. पण मग कोलॅजनची जाळी तुटायला लागते. ती जाळी आपल्याला तरुणपणापर्यंत विणून मिळालेली असते, ती पुन्हा तशी विणली जात नाही. आम्ही डॉक्टर 'पहिले काही महिने महत्त्वाचे' म्हणून जो घोष लावतो, तो त्यासाठी. तिकडे हाड पोखरणाऱ्या पेशींनाही असेच आदेश मिळतात. एक्स-रेतल्या कुरतडलेल्या कडा म्हणजे त्यांचं काम.

इंटरल्यूकिन-६ यकृतापर्यंत जातो आणि यकृत सीआरपी बनवू लागतं. तुमच्या रिपोर्टवर तो जो आकडा असतो तो सांध्यातल्या गलबल्याचा रक्तात उमटलेला ठसा आहे. या रुग्णांमध्ये इंटरल्यूकिन-६ रात्रभर वाढत जाऊन पहाटे सर्वांत जास्त असतो. सकाळी मूठ वळत नाही, दुपारी वळते, याचं बरंचसं कारण हे आहे. घरच्यांना मात्र वाटतं, सकाळच्या कामाच्या वेळी हात दुखतात आणि दुपारी बरे होतात, म्हणजे नाटक असेल. सुनांच्या बाबतीत हे वाक्य मी दवाखान्यात ऐकलेलं आहे, आणि अशा वेळी मी सासूबाईंना आत बोलावून घेतो.

आता त्या बाईंचा प्रश्न. सायटोकाईनच्या सांगण्यावरून सांध्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, आणि दुखणं बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे जाणवतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या गोळ्या फक्त ही प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. वरून येणारे निरोप चालूच राहतात. कूर्चेला मिळालेला पाडकामाचा आदेश या गोळीला दिसतही नाही. दारातलं कुत्रं भुंकतंय म्हणून त्याचं तोंड बांधलं तर शांतता होते, पण चोर घरातच असतो. त्या बाईंच्या सांध्यांत आठ महिने हेच चाललं होतं. ॲसिडिटी झाली नसती तर त्या आल्याही नसत्या.

पुडीबद्दलही लिहायला हवं. 'वातावर जालीम' म्हणून मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता खूप असते. दोन दिवसांत माणूस पळायला लागतो, कारण स्टिरॉइड खरोखरच हे निरोप दाबतं. वाईट औषध नाही ते, मी स्वतः थोड्या दिवसांसाठी, मोजून, देतो. पण किती घेतोय हे माहीत नसताना महिनोन्‌महिने घेतलं की चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतं. मग पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. घेत असाल तर लपवू नका आणि आपल्या मनाने थांबवूही नका, डॉक्टरांना दाखवा.

मला या आजाराबद्दल जरा जास्त पोटतिडीक आहे, त्याचं कारण माझी आत्या. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे जायचो तेव्हा ती चहाची कपबशी दोन्ही तळव्यांत धरून उचलायची. बोटं सगळी करंगळीच्या बाजूला झुकलेली. म्हाताऱ्या बायकांची बोटं अशीच असतात, असं मला वाटायचं. तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. तिला ॲस्पिरिन मिळत होतं आणि शेक मिळत होता, त्यापलीकडे गावात काही नव्हतं. आज तिच्यासारखी बोटं मी नव्या पेशंटमध्ये क्वचितच पाहतो आणि हा बदल माझ्याच कारकिर्दीत झाला.

त्यातलं पहिलं औषध मेथोट्रेक्सेट. कर्करोगासाठी हे औषध अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या ज्या प्रयोगशाळांत तयार झालं, तिथलं संशोधन भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव पाहत होते. संधिवातात ते अगदी छोट्या मात्रेत, आठवड्यातून एकदा दिलं जातं. स्वस्त आहे, आणि अनेकांना तेवढंच पुरतं. मात्र फरक जाणवायला दीड ते तीन महिने लागतात, आणि पेशंट तिसऱ्या आठवड्यात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, मृत्यूही ओढवतो. मी मंगळवार ठरवून देतो, मेथोट्रेक्सेटचा म आणि मंगळवारचा म. चिठ्ठीवर वार अक्षरात लिहून घ्या. सोबतची फोलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या वारी. दारू नाही. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण गर्भाला ते घातक आहे, औषध काही महिने आधी थांबवावं लागतं.

दुसरा टप्पा लंडनचा. केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी, हे मैनी मूळचे लुधियानाचे, यांनी रुग्णांच्या सांध्याच्या अस्तरातल्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यात टीएनएफ अडवणारं प्रतिपिंड टाकलं. इंटरल्यूकिन-१ सुद्धा खाली आला. निरोप्यांच्या गर्दीत टीएनएफ हा मुकादम निघाला. हे १९८९ साली छापून आलं. १९९२ साली पहिल्या रुग्णांना तसं औषध शिरेतून दिलं गेलं आणि काही दिवसांत, काही आठवड्यांत लोकांचे सांधे उतरले. आज आपल्याकडे ॲडालिमुमॅब, एटानरसेप्ट अशा नावांनी ही इंजेक्शनं मिळतात, भारतात बनलेलीही. पूर्वीपेक्षा स्वस्त झाली, तरी मध्यमवर्गाला चटका बसतोच. आता निरोप पेशीच्या आत पोचल्यावर अडवणाऱ्या टोफासिटिनिबसारख्या गोळ्याही आल्यात. त्यांचेही धोके आहेत, आपल्या मनाने घ्यायचं औषध नव्हे.

पण इथे आपल्या देशातली अडचण उभी राहते. टीएनएफ शरीरात एक फार मोठं काम करत असतो. फुफ्फुसात झोपलेल्या क्षयाच्या जंतूंभोवती पेशींचं कुंपण राखण्याचं. आपल्यातल्या पुष्कळ जणांच्या शरीरात असे जंतू गप्प पडून असतात. टीएनएफ अडवला की कुंपण पडतं. ही इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्ये क्षय उफाळतो, हे २००१ साली पुढे आलं. म्हणून इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी होते. घरात कुणाला टीबी झाला होता का, असं विचारल्यावर 'नाही नाही' म्हणायची आपल्याकडे रीत आहे. स्थळं मोडतात म्हणून लपवायची सवय. या एका प्रश्नाला तरी खरं उत्तर द्या.

पोळीवाल्या बाईंना मेथोट्रेक्सेटने निम्मा आराम पडला. सहा महिन्यांनी मी त्यांना संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. सासऱ्यांना पूर्वी टीबी झाला होता, हे तेव्हा बाहेर आलं. त्यांची तपासणी पॉझिटिव्ह निघाली, आधी महिनाभर प्रतिबंधक औषधं दिली आणि मग इंजेक्शनं सुरू झाली. सूज गेली. ज्या दोन सांध्यांच्या कडा आधीच कुरतडल्या होत्या ते तसेच राहिले, उजवी तर्जनी पूर्ण सरळ होत नाही. पोळ्या त्या करतात, कणीक मात्र आता मशीनमध्ये मळतात.

आता वयाच्या गुडघ्याकडे, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसकडे. त्यातही कूर्चेतल्या पेशींना हेच निरोप मिळतात, फक्त कुजबुजीच्या आवाजात आणि वर्षानुवर्षं. पण म्हणून आमवाताची इंजेक्शनं इथे चालतात का? नाही. इंटरल्यूकिन-१ अडवणारी औषधं या गुडघ्यांत वापरून पाहिली गेली, हाती काही लागलं नाही. इथे भार, स्नायूंची दुबळीक, जुनी दुखापत, खालचं हाड, अनुवंश असे बरेच हात आहेत. एखाद्याने तुमच्या साठीतल्या गुडघ्यासाठी महागडं 'सूज मुळापासून घालवणारं' काही सुचवलं तर दोनदा विचारा. ग्रीस म्हणून भरलं जाणारं इंजेक्शन काहींना थोडे महिने बरं वाटू देतं, कूर्चा परत आणत नाही. मी ते फारसं सुचवत नाही.

वजनाचं मात्र ऐका. जाड माणसांत बोटांच्या सांध्यांचाही ऑस्टिओआर्थ्रायटिस जास्त आढळतो आणि बोटांवर तर कुणी चालत नाही. पोटाची चरबी स्वतः इंटरल्यूकिन-६ आणि लेप्टिनसारखे निरोपे रक्तात सोडत असते. ते सगळ्या सांध्यांत पोचतात. गुडघ्यावर तर भारही आहेच. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा दाब सुमारे चार किलोंनी उतरतो. आहार सांभाळून वजन उतरवलेल्या गुडघेदुखीच्या रुग्णांमध्ये रक्तातला इंटरल्यूकिन-६ कमी झालेला मोजून पाहिलेला आहे.

आणि चालायचं. कूर्चेला रक्तपुरवठा नाही, मग तिचं पोट कसं भरतं? पाऊल टाकलं की ती दाबली जाते, पाणी बाहेर येतं. पाऊल उचललं की ती सांध्यातला द्रव शोषून घेते, पोषण त्यातूनच मिळतं. बसून राहिलेल्या गुडघ्याची उपासमार होते. सपाट रस्त्यावर, चांगल्या बुटांत, सोसेल तेवढं चाला. खुर्चीत बसून पाय सरळ करून मांडीचा स्नायू आवळायचा व्यायाम रोज करा. मी माझ्या डाव्या गुडघ्यासाठी दोन पेशंटच्या मध्ये टेबलाखाली तोच करतो. चालल्यानंतर थोडं दुखलं आणि रात्रीपर्यंत शमलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही वाढलेलं असेल तर अंतर कमी करा.

वयाच्या गुडघ्याची सकाळची आखडण साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटते. तुमची तासभर टिकत असेल, सांधा गरम किंवा मऊ फुगलेला लागत असेल, दोन्ही हातांचे तेच ते सांधे धरत असतील, तर चालण्याचं नंतर बघू, आधी रक्त तपासून घ्या. आणि येताना जी काही गोळी, पुडी, काढा चालू असेल तो सोबत आणा, त्यावर लेबल नसलं तरी.